जुना संगणक चालू आहे तोवर

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या मशीन शॉपमध्ये, शहापूर-वडगाव भागातील डीटीपी सेंटरमध्ये किंवा निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या सोसायटीच्या कार्यालयात विंडोज एक्सपी किंवा विंडोज सेव्हनवर चालणारा संगणक आजही सहज आढळतो. तो केवळ आळसापोटी राहिला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला जोडलेले यंत्र, प्रिंटर किंवा सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक (जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणारी खुंटी) नव्या प्रणालीवर चालत नाही आणि रोजचे काम तर बिनबोभाट होत असते. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला सुरक्षा-दुरुस्त्या देणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले, सेव्हनला १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्या त्या दिवशी यांपैकी एकही संगणक बंद पडला नाही. हळूहळू बंद होत गेल्या त्या त्याच्यातून माहिती बाहेर नेण्याच्या वाटा. त्यामुळे अशा संगणकाच्या बॅकअपमध्ये फाइली कॉपी करणे हा सोपा भाग असतो. कॉपी कोणत्या वाटेने बाहेर न्यायची आणि ती दुसरीकडे वाचता येईल का, हे दोन प्रश्न खरे अवघड असतात.

आधी डिस्कची अवस्था पाहू. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या संगणकात फिरत्या चकत्यांची हार्ड डिस्क असते. चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि तिच्यावरील चुंबकीय खुणा वाचणारे हेड तिच्यापासून जेमतेम दहा-वीस नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते; माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० हजार नॅनोमीटर असते. माहिती ५१२ बाइटच्या सेक्टरांत लिहिलेली असते आणि प्रत्येक सेक्टरसोबत चूक ओळखून दुरुस्त करणारे काही जादा बिट असतात. खुणा पुसट झाल्या, की हे बिट काही काळ पडदा टाकतात. ते अपुरे पडू लागले, की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि संगणक ‘हँग’ झाल्यासारखा दिसतो. एक्सपीमध्ये फोल्डर कॉपी करताना अशी एक फाइल आडवी आली, की संपूर्ण कॉपी तिथेच थांबते व पुढच्या शेकडो निरोगी फाइली राहून जातात. पडद्यावर त्रुटीचा निरोप येतो, माणूस ‘ओके’ दाबतो, आणि काय राहिले याची यादी कुठेच मिळत नाही.

पेन ड्राइव्हची वाट सर्वांना ठाऊक आहे, पण तिलाही कुंपणे आहेत. जुन्या संगणकांना हमखास वाचता येणारी फॅट-३२ ही रचना फाइलचा आकार ३२ बिटांच्या संख्येत नोंदवते. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ इतकी असल्याने तेवढ्या बाइटांपेक्षा, म्हणजे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिथे बसतच नाही. बाजारातून आणलेली मोठी एक्स्टर्नल डिस्क जोडावी, तर तिथेही ३२ बिटच आडवे येतात, कारण डिस्कचे भाग कुठे आहेत हे नोंदवणाऱ्या जुन्या विभाजन-तक्त्यात सेक्टरांचा क्रमांक तेवढ्याच बिटांत लिहिला जातो आणि प्रत्येकी ५१२ बाइटच्या हिशोबाने मर्यादा २ टेराबाइटपाशी येऊन थांबते. त्यापुढच्या डिस्कसाठी लागणारा नवा तक्ता ३२ बिटी एक्सपीला वाचता येत नाही. म्हणून जुन्या यंत्रासाठी मोठ्यात मोठी डिस्क विकत घेण्यापेक्षा ५०० जीबीची साधी डिस्क बरी.

नेटवर्कची वाट मी सुचवणार नाही. एक्सपीला फाइली वाटून घेण्याच्या एसएमबी या पद्धतीची पहिली आवृत्ती तेवढी समजते आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत ती आपोआप बसवली जात नाही. ‘नेटवर्कवर जुना पीसी दिसत नाही’ अशी तक्रार आली, की कुणी तरी जाणकार नव्या संगणकावर ती मुद्दाम सुरू करून देतो. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतील दोषातून शिरला होता. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. बळी पडलेल्यांत बहुसंख्य संगणक ती न बसवलेले विंडोज सेव्हनचे होते. क्लाउडचेही तसेच. आजची संकेतस्थळे ज्या सुरक्षित जोडणीची अट घालतात ती एक्सपीला मुळात ठाऊक नाही, आणि संकेतस्थळ खरे आहे का हे ओळखण्यासाठी त्याच्याजवळ असलेली विश्वास-प्रमाणपत्रेही मुदतबाह्य झाली आहेत. क्लाउडवर न्यायचेच असेल, तर माहिती आधी नव्या संगणकावर आणून तिथून न्यावी.

एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. मदरबोर्डवरील नाण्याएवढी, ३ व्होल्टची सीआर-२०३२ बॅटरी संपली, की संगणक रोज सकाळी आपले घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेवर नेऊन सुरू होतो. फक्त ‘नव्या’ फाइली उचलणारे बॅकअपचे सॉफ्टवेअर तारखेवरच विसंबते. आज दुपारी तयार केलेल्या पत्रिकेवर २००२ ची तारीख पडली, तर ती आधीच्या प्रतीपेक्षा जुनी ठरून मुकाट्याने वगळली जाते. बॅकअपला हात घालण्यापूर्वी ही बॅटरी बदलून घड्याळ नीट लावणे हे किरकोळ खर्चाचे पण मोलाचे काम आहे. एप्रिल-मेमधील वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वीज येत-जात असते, तेव्हा बॅकअप सकाळी आणि चालू स्थितीतल्या यूपीएसवरच घ्यावा. कित्येक दुकानांतील यूपीएसची बॅटरी केव्हाच दगावलेली असते व तो फक्त शोभेला राहिलेला असतो.

सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे जुन्या संगणकाला काही करायलाच न लावणे. तो बंद करून डिस्क काढावी, यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडावी आणि फाइलींऐवजी पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यावी. रुंद चपट्या केबलने जोडल्या जाणाऱ्या, ४० पिनांच्या जुन्या आयडीई डिस्कला अडॅप्टरसोबत वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो आणि मागच्या बाजूचा छोटा जंपर (पिनांवर बसणारी टोपी) ‘मास्टर’वर ठेवावा लागतो. जोडल्याबरोबर विंडोजने डिस्क ‘फॉरमॅट’ किंवा ‘दुरुस्त’ करू का असे विचारले, तर नाही म्हणावे. आजारी डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नसते. लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू हे मोफत साधन या कामात फार उपयोगी पडते. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलते, अडखळणारे सेक्टर नोंदवून पुढे जाते, आणि उरलेल्या शक्तीनिशी शेवटी त्या अवघड जागांकडे वळते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कजवळ वेळ कमी असतो, हे ओळखून त्याची रचना केलेली आहे. संपूर्ण प्रतिमा घेण्याचे आणखी एक कारण असे, की हिशोबाच्या जुन्या सॉफ्टवेअरांचा डेटा ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये नसतो, तो सी ड्राइव्हवर त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्याच फोल्डरात दडलेला असतो आणि नेमका तोच कॉपी करायचा राहतो.

आता मराठीचा प्रश्न. कुद्रेमानी, उचगाव, कडोली, येळ्ळूर येथे भरणाऱ्या ग्रामीण साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल असा सीमाभागातील मजकूर कित्येक वर्षे पेजमेकर आणि कोरलड्रॉ या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरांत, युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवला गेला; युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी आजची पद्धत. या फॉन्टांत ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘क’ नसतेच. एखाद्या रोमन अक्षराच्या क्रमांकावर ‘क’चे चित्र बसवलेले असते, आणि शिशाच्या खिळ्यांप्रमाणे काना, वेलांटी, रफार यांचे तुकडे वेगवेगळे ठेवलेले असतात. फाइल उघडली पण तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. शिवाय क्रमही वेगळा. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी व मग ‘क’ साठवला जातो, तर युनिकोडमध्ये आधी ‘क’ व मग वेलांटी. ‘वर्ग’मधील रफार जुन्या पद्धतीत ‘ग’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त ‘ग’च्या आधी येतात. म्हणून रूपांतर करणाऱ्या साधनाला नुसती अक्षरे बदलून भागत नाही, तुकड्यांची जागाही फिरवावी लागते, आणि जोडाक्षरांपाशी ते हमखास चुकते. प्रत्येक कंपनीचा क्रमांक-तक्ता निराळा असल्याने एका फॉन्टचे रूपांतर-साधन दुसऱ्याला चालत नाही. एकाच पानावर मराठी आणि नुडी किंवा बरहा या सॉफ्टवेअरांतील कन्नड असे दोन्ही मजकूर असतील, तर कोणत्या ओळीला कोणता तक्ता लावायचा हे माणसालाच सांगावे लागते.

यावरून निघणारे काम स्पष्ट आहे. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची संपूर्ण प्रत दस्तऐवजांसोबतच ठेवावी आणि महत्त्वाच्या प्रत्येक प्रकाशनाची, फॉन्ट आत सामावलेली पीडीएफ जुन्याच संगणकावर तयार करून घ्यावी. पीडीएफने पान जसेच्या तसे टिकते, मात्र त्यातला मजकूर शोधता किंवा कॉपी करता येत नाही, कारण आतले क्रमांक जुनेच राहतात. ऑफसेटला पाठवताना अक्षरे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांची नुसती चित्रे बनवून, ठेवलेल्या कोरलच्या फाइलीही दिसायला शाबूत असतात, पण त्यांतील चुकलेली वेलांटी पुढे कधीच दुरुस्त करता येत नाही. पेजमेकरची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ ची आहे. तिच्या फाइली वाचणारा संगणक शोधावा लागेल असे दिवस येऊन ठेपले आहेत.

उद्यमबागेतील सीएनसी, म्हणजे संगणकी आज्ञांवर चालणाऱ्या, यंत्रांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना चालवणाऱ्या अनेक जुन्या कंट्रोलरांत यंत्राचे पॅरामीटर, म्हणजे जुळवणीचे आकडे, हार्ड डिस्कवर नसून बॅटरीच्या आधाराने टिकणाऱ्या मेमरीत असतात. स्क्रूची झीज आणि ढिलाई भरून काढणारे आकडे त्यांत असतात, आणि ते त्या एकाच यंत्राचे असल्याने शेजारच्या यंत्रावरून उचलता येत नाहीत. अशा कंट्रोलरची बॅटरी यंत्र चालू असतानाच बदलायची असते. पॅरामीटर सीरियल केबलने बाहेर काढून घ्यावेत आणि त्यांची छापील प्रतही कंट्रोल पॅनेलच्या दाराआड ठेवावी.

प्रती किमान तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी, हा ३-२-१ चा नियम सर्वत्र सांगितला जातो. आपल्याकडे ‘दुसरे ठिकाण’ निवडताना नकाशा पाहावा लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चिकोडी, निपाणी, कोल्हापूर आणि सांगली हे भाग एकाच वेळी पाण्यात होते आणि पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता. चिकोडीच्या दुकानाची प्रत सांगलीच्या पाहुण्यांकडे ठेवणे म्हणजे दोन्ही प्रती एकाच कृष्णाखोऱ्यात ठेवणे होय. बेळगाव शहरातही बळ्ळारी नाल्याकाठच्या तळमजल्यावरची प्रत दुसरी म्हणून धरू नये. प्रत घेऊन झाल्यावर डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. वर्षानुवर्षे साठवणीसाठी पेन ड्राइव्ह विश्वासाचा नाही, कारण वीज न मिळता पडून राहिला तर त्याच्या पेशींतील विद्युतभार हळूहळू गळतो.

शेवटी पडताळणी. मूळ फाइल आणि प्रत या दोहोंची एसएचए-२५६ ही अंकखूण काढावी. एक बिट बदलला तरी ६४ चिन्हांची ही खूण पार वेगळी येते. पण खूण जुळली म्हणजे मजकूर वाचता येतो असे नाही. म्हणून प्रतीतील चार-दोन स्मरणिका आणि एखाद्या वर्षाचा हिशोब, जुने फॉन्ट व जुने सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर उघडून पाहावे. जे उघडणार नाही त्यासाठी डिस्कची प्रतिमा व्हर्च्युअल बॉक्ससारख्या, संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या साधनात, इंटरनेट तोडून, चालवून पाहता येते. यूएसबीचे हार्डवेअर लॉक त्यात बहुधा जोडता येते. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसणारे लॉक जोडणे मात्र फार कटकटीचे ठरते. तसे लॉक असेल तर जुना संगणक मोडीत न काढता, नेटवर्कची वायर काढून, तसाच ठेवावा लागेल.