रॅमचा पाटकरी प्रोसेसरच्या घरात

जळगाव-धुळ्याच्या एखाद्या रिपेअरिंगच्या दुकानात पेंटियम ४ च्या काळातला मदरबोर्ड दिसला, तर जरूर निरखून पाहा. प्रोसेसरच्या सॉकेटजवळ हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) बसवलेली मोठी चिप म्हणजे नॉर्थब्रिज. रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तिच्या ताब्यात. खाली दुसरी, साउथब्रिज. हार्ड डिस्क, यूएसबी, साउंड हे सगळं तिच्याकडे. या जोडीला चिपसेट म्हणत. आजच्या बोर्डावर यातली पहिली चिप शोधूनही सापडत नाही.

त्या वेळी प्रोसेसर आणि रॅम यांची थेट गाठ नव्हती. मेमरी कंट्रोलर नॉर्थब्रिजमध्ये होता. धुळ्याच्या पांझरा नदीवरच्या फड सिंचन पद्धतीत पाटाचं पाणी पाळीप्रमाणे शेतात सोडतो तो पाटकरी. मेमरी कंट्रोलरचं काम तेच. रॅममधली एक ओळ उघडली की त्याच ओळीतल्या मागण्या तो आधी उरकतो, कारण ओळ मिटून दुसरी उघडण्यात वेळ जातो. शिवाय रॅममधला विद्युतभार सतत गळत असतो. डीडीआर४ या प्रकारच्या रॅममध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत ताजी करावी लागते. चिप ८५ अंशांच्या वर तापली, तर हेच काम दुप्पट वेळा. भुसावळच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, कॅबिनेटमधली धूळ साफ करा असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठीही.

अडचण होती वाटेची. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. रॅमकडून उत्तर यायला पन्नास-शंभर नॅनोसेकंद लागतात, म्हणजे तेवढ्यात शेकडो ठोके वाया. त्यात प्रत्येक मागणी फ्रंट साइड बस या प्रोसेसर आणि नॉर्थब्रिज जोडणाऱ्या वाटेवरून जायची आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. ही बस ८०० मेगाहर्ट्झची धरली, तरी सेकंदाला ६.४ गिगाबाइट ही तिची कमाल. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ या प्रोसेसरांमध्येच कंट्रोलर आणून बसवला. इंटेलने हेच २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ मध्ये केलं. माझ्या मते पीसीच्या रचनेतला हा त्या दशकातला सगळ्यात मोठा बदल. मागोमाग ग्राफिक्स कार्डाच्या पीसीआय एक्सप्रेस वाटाही प्रोसेसरमध्ये गेल्या आणि नॉर्थब्रिजला काम उरलं नाही.

उरलेली एक चिप, म्हणजे साउथब्रिजचं काम करणारी, इंटेलच्या बोर्डावर डीएमआय नावाच्या जोडणीने प्रोसेसरला जोडलेली असते. तिच्यामागची सगळी साधनं हीच वाट वाटून घेतात. डीएमआय ३.० ची चार पदरी वाट एका दिशेने सेकंदाला जेमतेम ४ गिगाबाइट नेते. म्हणून वेगवान एसएसडी घेतलीत, तर ती प्रोसेसरला थेट जोडलेल्या एम.२ स्लॉटमध्ये (एसएसडी बसवायची बोर्डावरची खाच) लावा. कोणता ते बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. रॅम बदलून, स्लॉट साफ करूनही एक चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारी एक वाट, दिसत नसेल, तर कंट्रोलर आता प्रोसेसरमध्ये असल्याने प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना भिंगाखाली तपासा. वाकलेल्या एका पिनेनेही तो चॅनेल बंद पडू शकतो.