यूपीआयने दिलेले पैसे बँक परत करते?

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींत एक समज पक्का बसलाय: अनोळखी माणसाकडून जुनी वस्तू घेताना यूपीआयने पैसे द्यावेत, फसलो तर तीन दिवसांत बँकेला कळवलं की परत मिळतात. तसं नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम तुमच्या संमतीशिवाय खात्यातून गेलेल्या रकमेसाठी आहे. पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे संमती दिलीत.

दांडिया बाजारातली बाजाची पेटी घ्यायचीय आणि विकणारा म्हणतो, ‘आधी टोकन पाठवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’? थांबू दे. भाता ओढून, सूर तपासून, तिथेच पैसे द्या. वस्तू परगावची असेल, तर ती हातात येईपर्यंत पैसे अडवून ठेवणारी साइट निवडा आणि तिच्याबाहेर व्यवहार करू नका. फसलातच, तर त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर फिरवा. रक्कम पुढे सरकली नसेल तर गोठवता येते.