खासगी गुप्तहेरकथेतलं मिश्कील निवेदन

पैसे घेऊन तपास करणारा माणूस स्वतःच गोष्ट सांगतो आणि सांगता सांगता गिऱ्हाईक, पोलीस, गुंड नि मुख्य म्हणजे स्वतःचीच टर उडवत जातो, ती ही पद्धत. खानदेशात पारावर कुणी सरळ उत्तर दिलं तर 'काय भो, तब्येत बरी ना' विचारतात, त्यामुळे इथं फार समजावून सांगायला नको.

सुरुवात कुणाची यावर मात्र वाद आहे. 'ब्लॅक मास्क' हे अमेरिकन मासिक १९२० साली निघालं, त्यात १९२३ च्या मे-जूनमध्ये कॅरल जॉन डेलीच्या डिटेक्टिव्ह कथा आल्या आणि डॅशियल हॅमेटचा डिटेक्टिव्ह एजन्सीत नोकरी करणारा बिननावाचा नायक त्याच वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे नुसत्या तारखा बघितल्या तर मान डेलीचा, आणि तो दिलाही जातो. पण डेलीचा हिरो फुशारक्याच जास्त मारतो. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर एजन्सीत नोकरी केलेला, त्याचा नायक बुटका, जाडा, पगारी. खरं बीज त्याच्या कोरड्या बोलण्यात आहे हे जास्त पटतं. रेक्स स्टाऊटने १९३४ मध्ये तपासाची अक्कल साहेबाला (नीरो वुल्फ) आणि गोष्ट सांगणारी जीभ असिस्टंटला (आर्ची गुडविन) वाटून दिली. रेमंड चँडलरच्या १९३९ च्या पहिल्या कादंबरीपासून उपमांचा सुकाळ झाला, नंतरच्यांनी तर अतिच केलं.

आता हे का आवडतं? समजा मे महिना, जळगाव, पारा ४५ वर, डिटेक्टिव्ह कापसाच्या जिनिंगसमोर पाळत ठेवून उभा आणि मालक रिकामी पिशवी घेऊन आत जातो. 'दोन तास उन्हात उभा होतो' ही नुसती तक्रार झाली. 'दोन तासांत रसवाल्याने माझं नाव, गाव, लग्न झालं का हेपण काढून घेतलं, त्याचा तपास माझ्यापेक्षा पुढे होता' म्हटलं की माणूस आपला वाटतो, आणि हसण्याच्या नादात वाचक ती रिकामी पिशवी विसरतो. लेखकाला तेच पाहिजे असतं, पुरावा समोर ठेवूनही लपवायचा.

मराठीत बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांत भर वेगावर, सुहास शिरवळकरांकडे (१९४८–२००३) चुरचुरीत संवादांवर. अहिराणी किंवा लेवा बोलीत आख्खी केस सांगणारा डिटेक्टिव्ह छापील पुस्तकात क्वचितच सापडेल. पात्रं गावची बोली बोलतात पण निवेदक प्रमाण भाषेत, आणि निम्मे टोमणे तिथंच बोथट होतात.