कर्णपुऱ्याचे नाव आणि थरच्या वाळवंटाचा वारसा

नवरात्रात छत्रपती संभाजीनगरच्या कर्णपुऱ्यात तुळजाभवानीची मोठी यात्रा भरते. पहाटेच्या गारव्यात अनवाणी चालत येणाऱ्या बायका, ओटीचे सामान मांडून बसलेले विक्रेते, पाळणे आणि रहाटपाळणे हे सारे शहराच्या ओळखीचे आहे. मात्र या वस्तीच्या नावातला कर्ण महाभारतातला नव्हे, तो बिकानेरचा राजा करणसिंह राठोड होय, हे यात्रेला येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. सतराव्या शतकात औरंगाबाद हे मुघलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे झाले, तेव्हा बादशाही चाकरीतल्या राजपूत सरदारांनी आपापल्या फौजफाट्यासह शहराबाहेर तळ दिले आणि त्या तळांच्या पुढे ‘पुरा’ म्हणवल्या जाणाऱ्या वस्त्या झाल्या. करणसिंहाचा कर्णपुरा, त्याचा मुलगा पदमसिंह याचा पदमपुरा आणि आमेरच्या मिर्झाराजे जयसिंहाचा जयसिंगपुरा ही नावे त्या काळाची आहेत. करणसिंहाचा मृत्यूही १६६९ साली याच शहरात झाला. राजस्थानचे वाळवंट पाहायला निघालेल्या मराठवाड्यातील माणसाला ते परके, दूरचे आणि केवळ उंटांचे वाटते, म्हणून ही पार्श्वभूमी मांडणे मला आवश्यक वाटते.

करणसिंहानंतर बिकानेरच्या गादीवर आलेल्या अनूपसिंहाचे आयुष्यही बरेचसे दख्खनमध्येच गेले. विजापूर आणि गोवळकोंडा येथील मोहिमांत तो होता आणि १६९८ साली अदोनी येथे वारला. युद्धाच्या धामधुमीत या राजाने दक्षिणेतून दोन गोष्टी आपल्या वाळवंटी राजधानीकडे पाठवल्या, एक देवांच्या धातुमूर्ती आणि दुसरी हस्तलिखिते. मूर्ती बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातील तेहतीस कोटी देवतांच्या मंदिरात ठेवल्या गेल्या आणि पोथ्यांमधून आजचे अनूप संस्कृत ग्रंथालय उभे राहिले. त्याच्या दरबारी असलेल्या भावभट्ट या पंडिताने संगीतावर जे ग्रंथ लिहिले, त्यांपैकी एकाचे नाव ‘अनूपसंगीतरत्नाकर’ असे आहे. हे नाव वाचताच मराठवाड्यातील वाचकाने थांबावे, कारण ज्याच्या नावाचा हा प्रतिध्वनी आहे, तो शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला. देवगिरीच्या पायथ्याशी रचलेले संगीतशास्त्र चार शतकांनी वाळूतल्या किल्ल्यात जिवंत होते, ही गोष्ट मला कोणत्याही राजवाड्याच्या नक्षीपेक्षा मोलाची वाटते.

फौजा आल्या तसे त्यांना धान्य पुरवणारेही आले. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून दख्खनमधील मोहिमांना रसद पोचवणारे लमाण म्हणजेच बंजारा लोक आज नांदेड, हिंगोली, परभणी, जालना या जिल्ह्यांतील तांड्यांतून राहतात. त्यांची गोरबोली भाषाशास्त्रज्ञ राजस्थानी गटात मोडतात. मुक्कामाच्या बसस्थानकावर भेटलेल्या तांड्यातील म्हाताऱ्या बाईच्या काचळीवरचे आरशाचे काम आणि बाडमेरच्या बाजारात टांगलेल्या कापडावरचे आरशाचे काम शेजारी ठेवले, तर कवड्या, जाड दोरा आणि लाल रंगाचा सोस यांतून जुने नाते डोळ्यांना दिसते.

मारवाडी व्यापारी त्यानंतरचे. विक्रम संवत १९५६ म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ मारवाडात ‘छप्पनिया’ या नावाने आजही भयाने आठवला जातो. त्या वर्षी माणसे आणि जनावरे अगणित मेली, आणि आधीपासून सुरू असलेल्या स्थलांतराला त्यामुळे आणखी रेटा मिळाला. नेमक्या त्याच सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग तयार झाला आणि निजामाच्या राज्यातील कापूस बाहेर जाऊ लागला. जालना, लातूर, परभणीच्या मोंढ्यांतील आडती, सरकी आणि डाळीचे कारखाने, जुन्या पेढ्यांवरच्या लाल वह्या ही सारी त्या काळाची निर्मिती आहे. या संबंधाला सावकारीची कडवट बाजूही होती आणि खेड्यापाड्यांतील शेतकरी कुटुंबे ती विसरलेली नाहीत.

आता मूळ प्रदेशाकडे वळू. थरचे वाळवंट भारत आणि पाकिस्तान मिळून सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहे आणि जगातील वाळवंटांत सर्वांत दाट वस्तीचे म्हणून ओळखले जाते. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मराठवाड्याची सरासरी साधारण ७०० मिलिमीटर आहे. तरीही तहानेसाठी रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली ती लातूरवर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी धावली आणि तिचे टँकर आतून धुऊन पाठवले होते ते राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कारखान्याने. त्यामुळे मराठवाड्याचा प्रवासी तिकडे गेला, की वाळूच्या टेकड्यांआधी त्याने पाण्याची व्यवस्था पाहावी, असे मला मनापासून वाटते. त्या प्रदेशाची संस्कृती त्या व्यवस्थेवरच उभी आहे.

तिथल्या माणसाने पाण्याला तीन नावे दिली आहेत. आभाळातून पडून थेट साठवता येते ते पालर पाणी, खोल विहिरीतले बहुधा खारट असते ते पाताळ पाणी, आणि या दोहोंच्या मधले, वाळूत ओल होऊन अडकलेले ते रेजाणी पाणी. जिथे वाळूखाली जिप्समसारखा घट्ट थर आडवा पसरलेला असतो, तिथे पावसाचे पाणी त्याखाली उतरत नाही आणि वर उन्हानेही उडत नाही. अशा जागी जेमतेम एक माणूस बसून खणू शकेल इतकी अरुंद विहीर खणतात. तिला कुंई किंवा बेरी म्हणतात. तळाशी थेंब थेंब जमून दिवसाला दोन-चार घागरी पाणी मिळते आणि तोंडावर लाकडी झाकण ठेवलेले असते. घराघरांतील टाके म्हणजे जमिनीखालचा चुन्याचा हौद. त्याभोवतीचे उताराचे अंगण, ज्याला आगोर म्हणतात, ते पावसाळ्यापूर्वी झाडून स्वच्छ करणे आणि त्यावर चपला घालून न जाणे हा नियम अजूनही अनेक गावांत पाळला जातो.

शेतीची रीत तर आपल्या शेतकऱ्याला ऐकताक्षणी कळेल. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी सखल जागी लांब मातीच्या पाळीने अडवायचे, जादा झालेले नेष्ट्यातून म्हणजे सांडव्यातून सोडून द्यायचे, आणि पाणी जिरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, या पद्धतीला खडीन म्हणतात. पाण्याबरोबर आलेला गाळ दरवर्षी जमिनीला खत पुरवतो आणि पाणी जिरताना क्षार खाली जातात, त्यामुळे जमीन नापीक होत नाही. काळ्या रानात पावसाळ्याची ओल धरून रब्बी ज्वारी घेणाऱ्या बीड-धाराशिवच्या माणसाला यातले तत्त्व नवे नाही. नवी आहे ती चौथा हिस्सा पावसावर ते निभावण्याची हिंमत. ही विद्या जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी वाढवली. त्यांची गावे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओस पडली आणि कुलधरा हे त्यांतील एक गाव आज ‘शापित’ म्हणून पर्यटकांना दाखवले जाते. दिवाणाच्या जाचाला कंटाळून सारे एका रात्रीत निघून गेले, अशी कथा सांगतात. अभ्यासक मात्र आटत गेलेले पाणी, वाढलेले कर आणि ढासळलेला व्यापार या कारणांकडे बोट दाखवतात. भुताच्या गोष्टीपायी गावाजवळची खडिने न पाहता परतणे हे या गावावर अन्याय करणारे आहे.

जैसलमेर शहर ११५६ साली रावळ जैसल या भाटी राजाने त्रिकूट टेकडीवर वसवले. सिंध आणि त्यापलीकडे जाणाऱ्या काफिल्यांवरील जकात आणि व्यापार यांवर ते श्रीमंत झाले. पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला, त्याचे ९९ बुरूज, पटवा कुटुंबाच्या पाच हवेल्या, ज्यांतील पहिलीचे काम १८०५ साली सुरू झाले, हे सर्व त्या पैशाचे रूप आहे. मुंबईसारखी बंदरे आणि रेल्वे वाढली तशी काफिल्यांची वाट मंदावली, आणि १९४७ च्या फाळणीने सिंधची बाजू पूर्ण बंद केली. जे शहर रस्त्याच्या मध्यावर होते, ते एकाएकी रस्त्याच्या शेवटाला आले. १९६५ च्या युद्धानंतर सीमेच्या गरजेपोटी रस्ते झाले, १९६८ साली रेल्वे पोचली, आणि त्या लष्करी वाटेवरूनच पुढे पर्यटक आले. १९७४ च्या एका बंगाली चित्रपटाने बंगालमधील प्रवाशांची रीघ लावली, १९७९ पासून मरूमहोत्सव भरू लागला, १९८२ साली ‘पॅलेस ऑन व्हील्स’ ही पर्यटकांची रेल्वेगाडी सुरू झाली. राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून हा किल्ला २०१३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला.

अजिंठा आणि वेरूळ या यादीत १९८३ पासून आहेत, परंतु तिथे रात्री कोणी राहत नाही. जैसलमेरच्या किल्ल्यात मात्र आजही हजारो माणसांचे संसार आहेत आणि हेच त्याचे आकर्षण व त्याचे दुखणेही आहे. पूर्वी बायका खालच्या गडीसर तलावावरून डोक्यावर घागरी आणत, म्हणून घरात पाणी जपून वापरले जाई. लाकडी तुळया, वर गवत आणि मातीचे जाड थर अशी धाब्याची घरे त्या काटकसरीसाठी बांधलेली होती. आपल्याकडच्या माळवदांसारखीच ती ओलीला भितात. नळ आले, घरांची हॉटेले झाली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आले आणि सांडपाणी टेकडीच्या मातीत मुरू लागले. माती फुगली, काही बुरूज ढासळले, आणि १९९० च्या दशकात वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने हा किल्ला धोक्यातील स्थळांत नोंदवला. त्यानंतर गटारांची आणि बुरुजांची दुरुस्ती झाली आहे. पाण्याच्या टंचाईत आठशे वर्षे टिकलेली वास्तू पाण्याच्या मुबलकतेने खचावी, हे पाहून मन व्यथित होते. मुक्काम किल्ल्याखालच्या गावात करून वर पायी जाणे सहज शक्य आहे.

संगीताबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. मांगणियार आणि लंगा हे मुसलमान गायक पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक यजमान घराण्यांच्या जन्म-लग्न-मरणाच्या प्रसंगी गातात. मांगणियारांचे यजमान बहुतांशी हिंदू राजपूत आहेत आणि त्यांच्या वंशावळी या गायकांना तोंडपाठ असतात. मांगणियारांचे कमायचा हे वाद्य हातात घेऊन पाहावे. आंब्याच्या एका ओंडक्यातून कोरलेला गोल पोटाचा सांगाडा, त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, आतड्याच्या जाड तारा आणि त्यांच्याशेजारी झंकारणाऱ्या धातूच्या बारीक तारा यांतून जो घोगरा, भरलेला स्वर निघतो, तो छातीत जाणवतो. हे वाद्य बनवणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. या कलावंतांना घराच्या ओसरीवरून जगाच्या मंचावर नेण्यात जोधपूरचे लोककला-अभ्यासक कोमल कोठारी यांचा वाटा सर्वांत मोठा. त्यांनी राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांच्यासह १९६० साली बोरुंदा गावी रूपायन ही संस्था स्थापन केली. कालबेलिया या गारुडी जमातीच्या नृत्य-गीतांना २०१० साली युनेस्कोची मान्यता मिळाली.

मराठवाड्याच्या माणसाला अधिक जवळचा वाटेल तो भोपा. पाबूजी राठोड या लोकदेवाची कथा चितारलेला हातभर रुंदीहून बराच मोठा, लांबलचक पट, ज्याला फड म्हणतात, तो अंगणात ताणून बांधतात; भोपा नारळाच्या कवटीचा रावणहत्था वाजवत गातो, भोपी कंदील धरून नेमके तेवढे चित्र उजळते आणि असे रात्रभर चालते. तुळजापूरच्या भवानीच्या पुजाऱ्यांनाही भोपे म्हणतात, आणि संबळाच्या ठेक्यावर रात्र जागवणारा गोंधळ ज्याने पाहिला आहे, त्याला फडाचे जागरण कसे पाहायचे हे शिकवावे लागत नाही.

उत्तरेकडे वाळवंटाचे रूप कालव्यांनी पालटले. बिकानेरच्या महाराजा गंगासिंहाने १९२७ साली सतलजचे पाणी आणणारा गंग कालवा सुरू केला आणि त्यावर श्रीगंगानगर वसले. १९५८ साली कामाला प्रारंभ झालेला आजचा इंदिरा गांधी कालवा पुढे जैसलमेरपर्यंत पोचला. हुजूर साहिबच्या यात्रेकरूंना घेऊन नांदेडहून थेट श्रीगंगानगरला रेल्वे जाते, म्हणजे आपल्याकडचा प्रवासी गोदावरीच्या काठावरून निघून त्या कालव्याच्या काठावर उतरू शकतो. कालव्यांनी गहू-कापूस दिला, तसे काही भागांत पाणथळ आणि खारपड जमीनही दिली.

आणि अखेरीस माळढोकाविषयी. आपण ज्याला माळढोक म्हणतो, त्यालाच जैसलमेरकडे गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले, धाराशिवच्या गवताळ माळांनाही तो एकेकाळी परिचित होता. आता आपल्याकडे तो दिसणे हीच बातमी ठरते. देशात उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेर जिल्ह्यात, मरूभूमी राष्ट्रीय उद्यान आणि पोखरणच्या परिसरात आहेत. पवनचक्क्या आणि सौरप्रकल्पांच्या उंच वीजतारांना धडकून ते मरतात, कारण या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना चटकन वळता येत नाही. म्हणून २०१९ पासून सम येथे अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालवले जात आहे. समला उंटावर बसून सूर्यास्त पाहणाऱ्यांची गर्दी असते. तिथून जवळच्या सुदासरीच्या कुंपणाबाहेर, सेवण गवतात, हिवाळ्याच्या सकाळी शांत उभे राहिले तर मान ताठ धरून चालणारा तो करड्या अंगाचा पक्षी अजून दिसू शकतो.