संथ नदीचे दोन आकडे

जुलैचा शेवटचा आठवडा लागला की कोल्हापुरात भेटेल तो माणूस आधी एकच गोष्ट विचारतो, "आज कितीवर हाय?" काय, ते सांगावं लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे दोन आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत ५६ च्याही वर, हे सांगायला कुणाला वही उघडावी लागत नाही.

याच नदीचा आणखी एक आकडा आहे. तो मिलिग्रॅममध्ये मोजतात: एक लिटर पाण्यात प्राणवायू किती विरघळला आहे. ऊन तापायला लागलं की हा आकडा घसरतो, तेरवाडसारख्या एखाद्या बंधाऱ्याशी मासे पोट वर करून तरंगू लागतात, दोन दिवस फोटो फिरतात आणि विषय मागे पडतो. "आज प्राणवायू कितीवर हाय?" असं पारावर कुणी विचारत नाही. विचारायला हवं, असं मला फार वाटतं. कारण फुटांचा आकडा आणि मिलिग्रॅमचा आकडा हे एकाच गोष्टीशी बांधलेले आहेत, ती म्हणजे पंचगंगेचा उतार.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त, असं आपण मानत आलो. चौघीही सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून येतात. डोंगरमाथ्यावर जांभा, खाली बेसाल्टचा काळा कातळ, अरुंद दऱ्या. तिथं पाणी दगडधोंड्यांवर आपटत, फेसाळत शेकडो मीटर खाली येतं. कोल्हापूरच्या वायव्येला प्रयाग चिखलीजवळ सगळ्यांचं पाणी एक होतं आणि तिथून पुढे नदी पंचगंगा म्हणून ओळखली जाते. इथंच तिचा स्वभाव पालटतो. प्रयागपासून नरसोबावाडीच्या कृष्णा-संगमापर्यंत सरळ रेषेत अंतर भरेल ४५ किलोमीटरच्या आसपास. नदी मात्र सुमारे ८० किलोमीटर वाहत जाते. एवढी वळणं येतात ती उतार संपल्यामुळे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात असतं, तिथं काठ खरवडला जातो. आतल्या अंगाला ते मंद होतं आणि गाळ टाकतं. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की वळण आणखी फुगतं. आपला ऊस ज्या काळ्या जमिनीत उभा आहे, तिच्यातला बराचसा भाग नदीनं असा पसरून ठेवलेला गाळ आहे.

पावसाचा नकाशाही तितकाच विषम आहे. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, कोल्हापूर शहरात त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा, आणि शिरोळकडे गेलं की आकडा ५०० च्या घरात येतो. शंभरेक किलोमीटरच्या आत एवढा फरक! म्हणूनच शहरात लख्ख ऊन पडलेलं असतानाही नदी तासातासाला चढत राहते. बाहेरगावच्या पाहुण्याला हे कोडं वाटतं. आपल्याकडची म्हातारी माणसं पश्चिमेच्या काळोख्या आभाळाकडे बघूनच काय ते ओळखतात.

आता पूर येतो कसा, ते बघू. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. शाहू महाराजांनी मुहूर्तमेढ रोवलेलं हे धरण पूर्ण भरलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजे आपोआप उघडतात. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट, म्हणजे १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडतं. सातही उघडले तर दहा हजारांच्या जवळ. बाकीच्या नद्या आणि धरणाखाली पडणारा मोकळा पाऊस यांत वेगळाच मिळतो. हे सगळं प्रयागपर्यंत धावत येतं आणि तिथं धाव संपते.

वाहतं पाणी नदीच्या तळाच्या उतारापेक्षा पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार जास्त मानतं. वरचं टोक उंच आणि खालचं खोल असेल तर ते पळतं. पण त्याच दिवसांत साताऱ्या-सांगलीकडून कृष्णाही भरून आलेली असते. नरसोबावाडीला तिची पातळी वाढली की पंचगंगेचं खालचं टोकच उचललं जातं. आधीच थोडका असलेला उतार आणखी कमी होतो, पाणी तुंबतं आणि फुगवटा मागे मागे सरकत येतो. पाण्याला पुढे वाट नसली की ते बाजूला पसरतं. म्हणून आपला पूर डोंगरातल्या लोंढ्यासारखा येऊन ओसरत नाही. तो शांतपणे चढतो, दिवसेंदिवस मुक्काम करतो आणि इंचाइंचानं उतरतो. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना जनावरं घेऊन बाहेर पडावं लागतं ते धारेच्या जोरापेक्षा या मुक्कामाच्या भीतीनं. नरसोबावाडीला मात्र हेच चढतं पाणी भक्तीनं मोजलं जातं: पाणी उत्तर दारानं देवळात शिरून, पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो.

पुराचं पाणी पसरतं ती जागा नदीचीच असते. नियोजनाच्या नकाशात तिथं दोन रेषा आखतात: साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. "१०० वर्षांत एकदा" याचा अर्थ २०१९ ला पूर आला म्हणजे आता २११९ पर्यंत सुटका, असा होत नाही. कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच तो अर्थ. लागोपाठच्या वर्षांतही तो येऊ शकतो. जुन्या लोकांना रेषा आखून द्याव्या लागल्या नव्हत्या. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं तेव्हा तिथं सातवाहनकाळातल्या वस्तीचे अवशेष सापडले. समुद्रदेव पोसायडनची ती सुबक कांस्यमूर्ती याच टेकडीवरची, आज टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशीच्या वस्तू बाळगणारी ती माणसं नदीला लागून राहत होती, पण राहत होती उंचावर. आपण मात्र सखल भागात भर टाकून घरं बांधली आणि पूरपट्ट्यातून रस्त्यांचे उंच भराव आडवे नेले. संथ नदीत असा भराव धरणाच्या भिंतीसारखा वागतो. मोऱ्या वाढवणं आणि भरावाच्या जागी खांबांवरचा पूल बांधणं खर्चिक आहे, हे कबूल. पण महामार्ग दिवसेंदिवस बंद पडतो तेव्हा जातो तोही खर्चच.

आता एप्रिलकडे वळू. हीच नदी, हाच उतार.

एका लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. एका लिटर पाण्यात, पाणी अगदी निर्मळ असलं तरी, मावतो सुमारे ८ मिलिग्रॅम. माशाचा संसार या एवढ्याशा शिदोरीवर चालतो. पाणी २० अंशांचं असेल तर ९ मिलिग्रॅम मावतात, ३० अंशांचं झालं की साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच तुटवडा. अंघोळीयोग्य पाण्यात किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा निकष आहे. ४ च्या खाली बहुतेक मासे कासावीस होतात आणि २ च्या आसपास मरू लागतात.

पाण्यात प्राणवायू येतो मुख्यतः हवेतून. धोंड्यांवर आपटणाऱ्या, फेसाळणाऱ्या पाण्यात तो भराभर मिसळतो. साचलेल्या पाण्यात तो पृष्ठभागातून हळूहळू झिरपतो, हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश. आणि पावसाळा संपला की आपण पंचगंगेत काय करतो? बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या, घालतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आपल्या मातीतली हुशार रचना आहे, ऊस आणि गावांच्या पाणी योजना तिच्यावर उभ्या आहेत, आणि मला तिचा अभिमान आहे. पण राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे एकापाठोपाठ अडवले की वाहती नदी लांबट तळ्यांची माळ होते. मुळातच मंद असलेला श्वास आणखी मंद होतो.

त्याच वेळी प्राणवायू खाणारं अन्न वरून येत राहतं. सांडपाण्यातले जिवाणू सेंद्रिय कचरा फोडतात तेव्हा प्राणवायू वापरतात. एका लिटरमागे किती वापरतील, त्या मापाला बीओडी म्हणतात. अंघोळीच्या पाण्यात तो ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. कच्च्या घरगुती सांडपाण्यात तो २००-३०० असतो, आणि मळीपासून अल्कोहोल केल्यावर उरणाऱ्या काळ्या स्पेंटवॉशमध्ये ४०,००० च्या पुढे. हिशेब सोपा आहे: एक लिटर स्पेंटवॉश स्वच्छ नदीच्या पाच हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करू शकतो. रात्रीत सोडलेला एक टँकर किती नुकसान करतो, ते यावरून ताडता येईल. इचलकरंजीत सुताला खळ लावतात. कापड प्रोसेसला गेलं की ती खळ धुऊन काढतात आणि तिचा स्टार्च हेही जिवाणूंचं जेवणच. रंगांनी पाण्यात ऊन शिरत नाही. मीठ तर जिवाणूंच्या साध्या प्रक्रियेनं निघतच नाही.

शहराच्या नाल्यांचं कोडं एका भागाकारानं सुटतं. जयंती नाल्यासह शहराचं मैलापाणी शुद्ध करण्यासाठी कसबा बावड्यात दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचं केंद्र आहे. आकडा प्रचंड वाटतो. क्युसेकमध्ये मांडला तर तो भरतो फक्त ३१. ऑगस्टमध्ये राधानगरीचा एकच दरवाजा १,४२८ क्युसेक ओततो, त्यात ३१ कुठल्या कुठे हरवतात. एप्रिलमध्ये पात्रात ढवळायला पाणीच नसतं. तेव्हा यातला थोडासा हिस्सा जरी वीज गेली, पंप बंद पडला किंवा नाल्यावरचा बांध फुटला म्हणून तसाच नदीत गेला, तरी नदीच्या वाट्याला तोच मुख्य प्रवाह येतो. पावसाळ्यात "नदी आता स्वच्छ झाली" असं आपण म्हणतो. झालेलं असतं फक्त पातळ.

जलपर्णी, म्हणजे आपलं केंदाळ, दरवर्षी यंत्रांनी ओढून काढतात. काढलंच पाहिजे, पण ते दुखण्याचं लक्षण आहे. मैल्यातला आणि साबणातला फॉस्फेट, शेतातून निचरून आलेला नायट्रेट आणि संथ पाणी मिळालं की ते पंधरवड्यात दुप्पट होतं. वर गालिचा पसरला की हवेचा आणि पाण्याचा संबंध तुटतो, आणि काठाशी टाकून कुजू दिलं तर खाल्लेलं सगळं नदीला परत करतं. शिरोळची क्षारपड जमीन हीही या सपाटीचीच मुलगी: काळ्या रानात भरमसाट पाणी दिलं, निचऱ्याला उतार नाही, मग खालचे क्षार वर येतात.

मासे बहुतेकदा पहाटे मरतात, त्यालाही कारण आहे. दिवसा शेवाळ ऊन खाऊन प्राणवायू सोडतं, रात्री तेही श्वास घेतं. उजाडायच्या आधी पाणी सर्वांत रितं असतं. अशा वेळी मरळ वर येऊन सरळ हवा गिळतो, त्याला ती सोय आहे. बाकीच्या बहुतेकांना नाही. वळवाचा पहिला पाऊस नाल्यांतला साठलेला गाळ एकदम ढकलतो किंवा बरगे काढल्यावर तळाचं सडकं पाणी पुढे सरकतं, तेव्हा खालच्या बंधाऱ्यातली शिदोरी तासाभरात संपते.

माणसांचीही यातून सुटका नव्हती. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांत पंचगंगा होती. आता कोल्हापूरला काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं येतं, इचलकरंजीही लांबून पाणी आणते. लोकांना चांगलं पाणी मिळालंच पाहिजे. पण नदीचं पाणी पिणं थांबलं की शहराचं तिच्याकडे बघणंही थांबेल, ही भीती मला सोडत नाही, कारण खालची कितीतरी गावं अजून तिच्याच पाण्यावर आहेत.

प्राणवायू मोजायला मोठं यंत्र लागत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विंकलर पद्धतीनं तो मोजता येतो. काठोकाठ भरलेल्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता मँगनीज सल्फेट घालायचं, मग आयोडाइड मिसळलेला अल्कली, बूच लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तळाशी बसतो. जितका जास्त, तितका गडद. पुढचं मोजमाप हाताशी शिक्षक असले की विद्यार्थीही करतात. प्रयागपासून वाडीपर्यंत नदीकाठी शाळा-कॉलेजं कमी नाहीत. राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांच्या शेजारी हा दुसरा आकडाही रोज लिहिता येईल, मार्च ते जून तर नक्कीच. राधानगरीखालच्या दगडगोट्यांतून भरून आणलेली बाटली चहासारखी तपकिरी होते. ज्या पाण्यात प्राणवायू उरलेलाच नाही, त्या बाटलीतला साका पांढराच राहतो.