बायपोलर मुलं, स्वतःला केलेली इजा आणि उशिरा जुळलेल्या दोन वाटा

बायपोलर आजार, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य, असलेली सोळा वर्षांची मुलगी गोळ्या नियमित घेते, तिचा मूड बऱ्यापैकी सावरतो, आणि तरीही एका संध्याकाळी ती स्वतःला इजा करून घेते. घरच्यांना वाटतं, औषध लागू पडलं नाही. कुणी म्हणतं, लक्ष वेधून घ्यायला करते. हे दुसरं बोलणं तर फार घातक. पण पहिला समज फक्त घरच्यांचा नव्हता. मूड सावरला की बाकीचं आपोआप मिटेल, असं डॉक्टरही बराच काळ धरून चालले होते.

त्याला कारण होतं. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी १८९९ मध्ये उन्माद आणि नैराश्य यांना एकाच आजाराची दोन रूपं म्हणून मांडलं. हा आजार अनेकदा विशीच्या आत सुरू होतो, हेही त्यांनी टिपलं होतं. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉक्टर जॉन केड यांनी या आजारावर लिथियम या औषधाचा गुण दाखवला आणि पुढे सगळी भिस्त गोळ्यांवर आली.

बोलून करायचे उपचार परत आले ते कुटुंबाच्या अंगाने. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना १९५० च्या दशकात दिसलं, की स्किझोफ्रेनिया या दुसऱ्या मानसिक आजाराचे काही रुग्ण दवाखान्यातून आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे गेले की जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. टोचून बोलणं, जीव गुदमरवणारी काळजी यांचा तो परिणाम होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ आणि मायकेल गोल्डस्टीन यांनी हाच धागा बायपोलरपर्यंत नेला आणि कुटुंबकेंद्रित उपचार उभा केला. २००८ मध्ये ५८ किशोरवयीन मुलांवर केलेल्या चाचणीत २१ बैठकींच्या या उपचाराने नैराश्य लवकर ओसरलं. २०१४ च्या १४५ मुलांच्या चाचणीत मात्र मोजक्या बैठकींच्या उपचारापेक्षा मुलं लवकर बरी झाली नाहीत. दोन्ही ठिकाणी मुख्य मोजमाप मूडचंच.

दुसरी वाट अगदी वेगळीकडून आली. अमेरिकेत सिएटलच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी वारंवार स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांसाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, घडवली; तीव्र भावना सांभाळण्याची कौशल्यं ती शिकवते. तिची पहिली मोठी चाचणी १९९१ ची. किशोरवयात आपणही स्वतःला इजा करत होतो, रुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. अलेक मिलर आणि जिल राथस यांनी ही थेरपी किशोरवयीन मुलांसाठी बदलली आणि मुलांबरोबर पालकांनाही कौशल्यांच्या वर्गात बसवलं. माझ्या मते ती सगळ्यात शहाणपणाची भर.

या दोन वाटा जुळल्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, बायपोलर मुलांनाच डीबीटी देऊन. ४०० हून अधिक बायपोलर मुलांच्या एका अमेरिकी अभ्यासात जवळपास एक तृतीयांश मुलांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं आढळलं होतं. तिथल्या मानसशास्त्रज्ञ टीना गोल्डस्टीन (मायकेल गोल्डस्टीन वेगळे) यांनी २००७ मध्ये दहा मुलांवर वर्षभर डीबीटी करून पाहिली, २०१५ मध्ये वीस मुलांची चाचणी घेतली, आणि २०२३ मध्ये १२ ते १८ वयाच्या १०० मुलांचे निष्कर्ष आले. मूडमधली सुधारणा डीबीटीच्या आणि नेहमीच्या मानसोपचाराच्या गटात सारखीच होती. आत्महत्येचे प्रयत्न मात्र डीबीटीच्या गटात कमी झाले.

फरक कुठून पडला, ते डीबीटीच्या रोजच्या नोंदीच्या कागदावर दिसतं. आज भावना किती तीव्र होत्या, इजा करावीशी किती वाटली, त्या वेळी कोणतं कौशल्य वापरून पाहिलं, याचे आकडे मूल रोज स्वतः भरतं. मंगळवारच्या रकान्यात इच्छेचा आकडा मोठा असेल, तर थेरपिस्ट मुलाबरोबर त्या दिवसाचा एकेक दुवा मागे उलगडतो: झोप किती झाली होती, कुणाचा मेसेज आला, तो वाचून मनात पहिलं काय आलं, आणि मोह आवरण्याची जागा नेमकी कुठे होती. रागावणं नाही, उपदेश नाही. उसळलेली भावना सांभाळता येणं जसं वाढलं, तसा धोका उतरला, असं त्या चाचणीच्या विश्लेषणात निघालं.