खाणीला, क्रशरला माणसं पाहिजेत? फोन करायच्या आधी एवढं वाचा

"उद्या सकाळी सहाला दोन ऑपरेटर पाठवा" असा फोन आठवड्यातनं दोन-तीनदा येतोय आणि दर वेळी आम्ही नाही म्हणतो, मग समोरचा चिडतो. म्हणून हे कागदावर लिहून ठेवलंय. आम्ही बेळगावातनं खडी क्रशर, चुनखडीच्या खाणी आणि गोवा, बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरकडच्या लोखंडाच्या खाणींना डंपर, एक्सकॅव्हेटर, ड्रिल चालवणारी माणसं आणि फिटर-वेल्डर तयार करून देतो. तयार करून, नाक्यावरनं उचलून नव्हे.

"चालवायला येतंय की मला" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो आणि ते खोटं नसतंय. खानापूर, चंदगड, निपाणीकडची पोरं हाताला चांगली, उसाच्या दोन ट्रॉल्या लावून चिखलातनं ट्रॅक्टर काढणारी. पण खाण वेगळी. मागच्या पावसाळ्यात टेस्टला एक पोरगा आलेला, जेसीबीवर सहा वर्षं काढलेला, बकेट इतकी अलगद टेकवायचा की आमचे जुने मास्तर पण बघत राहिले. पण मशीनवर चढायच्या आधी एक फेरी मारली नाही, टायर नाही, ऑइल नाही, मागं कोण उभं आहे का ते नाही, हॉर्न न मारता सरळ चावी फिरवली. नापास. त्याच्या मामाचा फोन आला, बरंच ऐकून घेतलं. पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा पहिल्यांदा वाकून चाकाखाली बघितलं, मग काय, घेतला. डंपरवाल्यांचं पण तसंच, डंपच्या कडेला मातीचा बांध असतो तो मागच्या चाकानं ठोकून गाडी थांबवायची सवय भरपूर जणांना लागलेली असते, आणि पावसात भिजलेला बांध एक दिवस चाकाबरोबर खाली जातो. ही सवय मोडायलाच आमचे जास्त दिवस जातात, गिअर शिकवायला नाही.

आता कागद. मायनिंगमध्ये नवा माणूस कामावर घ्यायच्या आधी त्याची मेडिकल लागते, छातीचा एक्स-रे, कान, डोळे, फुप्फुस, आणि त्याचा फॉर्म ओ, म्हणजे माणूस फिट आहे याचा डॉक्टरचा कागद. मग 1966 च्या व्होकेशनल ट्रेनिंग रूल्सप्रमाणे व्हीटी ट्रेनिंग, आणि ते एकदा झालं म्हणून आयुष्यभर चालत नाही, 5 वर्षांच्या आत रिफ्रेशर करावं लागतं. मेडिकल पण ठरावीक वर्षांनी परत. हेवी गाडीचं लायसन वेगळं. हे सगळं जुळवायला आमच्या हिशोबानं किमान तीन आठवडे धरा, म्हणून "उद्या सकाळी" जमत नाही हो.

यावर खडीवाले हमखास म्हणतात, "आमची काय खाण नाही, साधी खण आहे." बरोबर, दगड-मुरुमाच्या खणीला कायद्यात सूट आहे, पण कधी? उघडी खण असेल तर वरच्या टोकापासनं तळापर्यंत कुठंही 6 मीटरपेक्षा खोल नको, कुठल्याही दिवशी 50 च्या वर माणसं नकोत आणि सुरुंग अजिबात नको. तिन्ही एकदम पाहिजे. ब्लास्टिंग केलं की सूट संपली, आणि आपल्याकडच्या किती खणी ब्लास्टिंगशिवाय चालतात ते तुम्हीच सांगा. सूट असली तरी ती सगळ्यालाच नाही, 18 च्या खालचा पोरगा आम्ही कुठंच पाठवत नाही, आधार कार्ड बघूनच नाव लिहितो.

ड्रिलवाल्या पोरांना आम्ही पहिल्या दिवशी एकच सांगतो, पाणी मारल्याशिवाय होल नाही. कोरडं ड्रिल केलं की जी पांढरी धूळ उडते त्यातली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून काय उपयोग नाही. तुमच्या साइटवर ड्रिलला पाण्याची लाइन नसेल तर आधी ती करा, आमचा माणूस पाणी नसताना मशीन बंद ठेवणार, तसं त्याला सांगूनच पाठवतो, मग आम्हाला फोन करून ओरडू नका.

मेट (कामावर देखरेख करणारा) आणि ब्लास्टर (सुरुंग उडवणारा) यांचं सर्टिफिकेट आम्ही देत नाही, कुणीच खाजगी माणूस देऊ शकत नाही. ती परीक्षा डीजीएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या खाण सुरक्षा खात्याची. आम्ही अभ्यास करून घेतो, फर्स्ट एडचा कोर्स करायला लावतो, फॉर्म भरायला मदत करतो, पुढचं त्याचं नशीब आणि डोकं. पैसे घेऊन सर्टिफिकेट आणून देतो म्हणणारा कोण भेटला तर लांब राहा.

आपल्या पोरांचा एक फायदा सांगतो, मराठी आणि कन्नड दोन्ही येतंय, त्यामुळे संडूरला पण चालतात. तरी थांबायचा शब्द आम्ही तीन भाषांत पाठ करून घेतो: मराठीत थांब, कन्नडात निल्लु, कोकणीत राव. गोव्यात एकाला सिग्नलवाला "राव, राव" म्हणून ओरडत होता आणि ह्याला वाटलं आपल्याला मान देतोय, हसत हसत गाडी मागंच घेत राहिला. नशीब, मागं नुसता ढिगारा होता.

माणसं कमी का पडतात? 2018 ला कोर्टानं गोव्यातल्या खाणींच्या 88 लीज (खाणपट्टे) रद्द केल्या, काम बंद पडलं, तेव्हा जुने हात दुसऱ्या धंद्याला लागले ते परत यायला तयार नाहीत. त्यात दसऱ्यानंतर तुम्हा सगळ्यांना एकदम माणसं लागतात आणि तेव्हाच उसाचा सीझन सुरू होतो, ड्रायव्हर कारखान्याकडं पळतात. म्हणून मागणी जूनमध्येच सांगा, पावसाळ्यात आम्ही ट्रेनिंग उरकतो. गणपतीत मात्र कुणी सापडणार नाही, आम्ही पण नाही.

ट्रेनिंगचा खर्च साइटवाल्याकडनं, पोरांकडनं नोकरी लावायचा एक रुपया घेत नाही. फोन करताना मशीन कुठल्या मेकचं, शिफ्ट किती तासांची, खणीची खोली, राहायची खोली कशी आणि प्यायचं पाणी कुठनं, एवढं सांगा. शेवटचे दोन प्रश्न पोरं आम्हाला पगाराच्या आधी विचारतात.